डागडुजीची थैली

मराठवाड्यातल्या कुठल्याही मुरलेल्या जिल्हा परिषद सदस्याला दोन आकडे पाठ असतात, ३०५४ आणि ५०५४. सरकारी हिशेबातली ही दोन लेखाशीर्षे. दोन्ही रस्ते आणि पुलांचीच. पहिल्यातून झिजलेल्या रस्त्याची दुरुस्ती व्हायची, दुसऱ्यातून नवे बांधकाम. पहिला खर्च महसुली, म्हणजे वर्ष सरले की संपलेला. दुसरा भांडवली, म्हणजे सरकारच्या मालमत्तेत जमा होणारा. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडहून भोकरकडे किंवा उमरीकडे जाणाऱ्या रस्त्याला हा भेद ठाऊक नसतो. पावसाळ्यात तो उखडतो, दिवाळीनंतर त्यावर खडी-डांबराची ठिगळे पडतात आणि पुढच्या मृगात ती पुन्हा सुटू लागतात. दुरुस्तीचा पैसा वेगळा बाजूला काढून ठेवावा, त्याला इतर कोणी हात लावू नये, ही कल्पना ऐकायला साधी आहे आणि आपल्याकडे ती निदान अठराशे वर्षे जुनी आहे. प्रत्येक राजवटीने त्या थैलीला नवे नाव दिले, आणि जवळजवळ प्रत्येक राजवटीने ती कधी ना कधी भलत्याच कामासाठी रिकामी केली. तिचा माग काढायचा तर आपल्याला मुदखेड सोडून आधी बरेच दूर, गिरनारच्या पायथ्याशी जावे लागेल.

शके ७२, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्षातल्या एका वादळी पावसात तिथला सुदर्शन तलाव फुटला. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधवून घेतला होता आणि अशोकाच्या काळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढले होते. फुटला तेव्हा तलावाचे वय साडेचारशे वर्षांच्या घरात होते. भगदाड चारशे वीस हात लांब, तितकेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल. ही मापे आपल्यापर्यंत पोचली, कारण महाक्षत्रप रुद्रदामनाने ती जुनागढच्या खडकावर, अशोकाच्या आज्ञांशेजारी, कोरून ठेवली. त्या लेखातला सर्वांत मानवी भाग पुढेच आहे. राजाचे सल्लागार मंत्री आणि कार्यकारी मंत्री, दोघांनीही हे काम हाती घ्यायला नाखुशी दाखवली. भगदाड एवढे मोठे, तर प्रयत्नच कशाला? आता बांध पुन्हा उभा राहत नाही म्हणून प्रजेत हाहाकार झाला. अखेर सुविशाख नावाच्या पह्लव अधिकाऱ्याने ते काम तडीला नेले, आणि राजाने सारा खर्च स्वतःच्या कोशातून दिला. जादा कर घेतला नाही, वेठबिगार लावली नाही, ‘प्रेमाची भेट’ म्हणून उकळली जाणारी वर्गणीही घेतली नाही, असे लेख आवर्जून सांगतो. याच लेखात रुद्रदामन दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी, म्हणजे आपल्या गोदाकाठचा सातवाहन, याला दोनदा हरवल्याची फुशारकी मारतो. पण लेखाचे निमित्त ती लढाई नाही. निमित्त एक बांध दुरुस्त केल्याचे आहे. पुढे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, तलाव पुन्हा फुटला आणि सौराष्ट्राचा अधिकारी पर्णदत्त याचा मुलगा चक्रपालित याने तो पुन्हा बांधला. त्याचीही नोंद त्याच खडकावर आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या राजनीतीचे नियम आधीच घालून दिलेले दिसतात. नवा तलाव किंवा बांध घालणाऱ्याला पाच वर्षे करमाफी, मोडून ओस पडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे, आणि झाडाझुडपांनी माजलेला साफ करणाऱ्याला तीन. नव्याचा मान मोठा, हे त्या चाणाक्ष माणसालाही मान्य होते. पण त्याच्या लेखी नवे आणि जुने यांतले अंतर अवघ्या एका वर्षाचे होते.

दख्खनमध्ये ही थैली जमिनीच्या रूपाने आली. राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव यांच्या दानपत्रांत देवालयाला गाव किंवा शेत देताना पूजा, नैवेद्य, अन्नदान यांच्या जोडीने पडझडीची दुरुस्ती हाही खर्चाचा विषय म्हणून लिहिलेला सापडतो. मुदखेडहून गोदावरी ओलांडून दक्षिणेला गेले की कंधार लागते, राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. तिथले विस्तीर्ण तळे राष्ट्रकूट बिरुदावरून आजही जगत्तुंग समुद्र म्हणून ओळखले जाते. जमिनीच्या थैलीत एक मोठा शहाणपणा होता: ती दरवर्षी आपोआप भरत असे, कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. तिचा दोषही तितकाच उघड होता. राजघराणे बदलले की इनाम खालसा होई, किंवा पुजाऱ्याचे वंशज ती जमीन घरचीच समजू लागत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली. शतकानुशतके ती वाहत राहिली, पण तिच्या देखभालीला बांधलेले असे काही फार काळ उरले नाही. आज शहराचा विस्तार तिच्यावर चढला आहे. खेड्यांत वेस, चावडी आणि विहीर यांची डागडुजी गावखर्चातून आणि गावकीच्या श्रमातून व्हायची. त्या व्यवस्थेच्या गोडव्यात फार रमू नये. त्या श्रमांत महार-मांगांच्या वाट्याला काय येत होते, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे.

आता आपण एकदम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात येऊ. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत राज्याची घडी बसली, बांधकाम खाते उभे राहिले, आणि शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. रस्ते, शाळा, दवाखाने यांची कामे तिच्यातून व्हायची. याच सुमारास आगगाडी आली. १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद मार्ग सुरू झाला. पुढे तो चांद्यापर्यंत नेण्यासाठी लंडनमधल्या कंपनीशी करार ठरू लागला, तेव्हा व्याजाच्या हमीचा बोजा राज्यावर का, असा प्रश्न हैदराबादेत उघडपणे विचारला गेला. विचारणाऱ्यांत सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, आणि १८८३ मध्ये त्यांना त्यापायी हैदराबाद सोडावे लागले. सार्वजनिक बांधकामाच्या पैशावरून आपल्या या मुलखात झालेले हे पहिले आधुनिक राजकारण म्हणता येईल. मुदखेडला रूळ आले ते त्यानंतर. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे, सिकंदराबादहून निजामाबाद, बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडपर्यंत, मीटरगेज. १८९९ ते १९०१ या काळात, नेमकी मोठ्या दुष्काळाच्या ऐन भरात, ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बासरला गोदावरीवर पूल झाला. पुढे आदिलाबादची शाखा फुटली आणि मुदखेड जंक्शन झाले.

रूळ टाकताना झिजेचा हिशेब कोणी करत नाही. तो वीस वर्षांनी समोर येतो. तसाच तो ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धानंतर आला. १९२०–२१ मध्ये सर विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीने देशभरच्या रेल्वेची पाहणी केली. जड गाड्यांना न पेलणारे पूल, बदलायची मुदत कधीच उलटून गेलेले रूळ, शेकडो इंजिने आणि हजारो डबे, अशी यादी समितीने मांडली. तिचे निदान आजही जसेच्या तसे लागू पडते. रेल्वेचा पैसा सरकारच्या एकूण अंदाजपत्रकात मिसळलेला असे; साल वाईट गेले की सर्वांत आधी दुरुस्तीला कात्री लागे, आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम सरकारजमा होई. मार्चअखेरीची घाई आणि एप्रिलमधला कोरडेपणा या दोन्हींचे मूळ तिथे आहे. उपाय म्हणून २० सप्टेंबर १९२४ च्या ठरावाने रेल्वेचे अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळे झाले. प्रत्येक मालमत्तेचे आयुष्य ठरवून तिच्या झिजेइतकी रक्कम दरवर्षी बाजूला टाकणारा घसारा निधीही त्याच वर्षी उभा राहिला. डागडुजीच्या थैलीचा हा पहिला शास्त्रशुद्ध अवतार.

मला यात खरी गंमत वाटते ती शेजारच्या संस्थानाची. त्याच सुमारास, १९२२–२३ मध्ये, निजामाचे अर्थमंत्री अकबर हैदरी यांनी वेगळ्या वाटेने तोच रोग हाताळला. त्यांनी खात्यांशी तीन वर्षांचा करार सुरू केला. खात्याला तीन वर्षांसाठी ठरलेली रक्कम मिळायची, आणि बचत झाली तर ती परत न जाता खात्याकडेच राहायची. पुलाच्या दुरुस्तीचा पैसा या वर्षी उरला तर पुढच्या वर्षी वापरता येई. हैदराबादचे फसली वर्षही या कामाला सोयीचे होते. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस ओसरल्यावर सुरू होई. अंदाजपत्रक मंजूर होताच समोर आठ महिने कोरडे, डांबर-खडीच्या कामाला मोकळे. एप्रिल ते मार्चच्या आपल्या वर्षात निधी हातात येईपर्यंत मिरग लागलेला असतो. हैदरींची काटकसर एवढी की साठवलेल्या राखीव निधीच्या बळावर १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीची रेल्वेच विकत घेतली, आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेने सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूकही सुरू केली. या व्यवस्थेची स्तुती करताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. त्या तिजोरीवर रयतेचा कसलाही अधिकार नव्हता, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत त्या शिस्तीचे फळ फारसे पोचले नाही. पण दुरुस्तीपुरते बोलायचे तर लोकशाहीने ही एक गोष्ट संस्थानाकडून उचलायला हरकत नव्हती.

ब्रिटिश हद्दीतल्या थैलीची कहाणी लवकरच बिघडली. १९२९ नंतरच्या मंदीत रेल्वेचे उत्पन्न घसरले, तेव्हा सर्वसाधारण तिजोरीला द्यायची रक्कम भागवण्यासाठी घसारा निधीतूनच उसनवारी सुरू झाली. निधी होऊन पुरती दहा वर्षे झाली नव्हती. रस्त्यांची थैलीही याच काळात शिवली गेली, आणि ती शिवणारा मराठी माणूस होता. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२७–२८ मध्ये सुचवले की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावेत आणि ते केवळ रस्त्यांनाच लावावेत. १ मार्च १९२९ पासून तशी वसुली सुरू झाली आणि मध्यवर्ती रस्ते निधी जन्माला आला. जो रस्ता झिजवतो त्याने झीज भरून द्यावी, हे तत्त्व त्यात होते. १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण असे रस्त्यांचे वर्ग तिनेच पाडले. हे वर्ग कागदावर निर्मळ होते. पुढे प्रत्येक खड्ड्यावरून ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ असे म्हणायची सोयही त्यांनीच करून दिली. जयकरांची कल्पना १९९८ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया उपकर लावून पुन्हा जागी झाली, २००० मध्ये तिला कायद्याचे रूप आले, आणि २०१८ मध्ये तिचे नाव रस्ते व पायाभूत सुविधा निधी झाले. नाव लांबले तसे वाटेकरी वाढले: वीज, पाणी, दळणवळण, सामाजिक सुविधा.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तीन वर्षांचा करार, फसली वर्ष, राखीव निधी, सगळे मागे पडले आणि पंचवार्षिक योजना आल्या. माझ्या मते डागडुजीच्या इतिहासातले सर्वांत घातक वळण इथे आहे, आणि ते कुठल्या भ्रष्ट माणसामुळे आले नाही, हिशेबाच्या दोन रकान्यांमुळे आले. खर्च योजनांतर्गत आणि योजनेतर असा विभागला गेला. धरण बांधणे योजनांतर्गत, म्हणजे विकास. त्या धरणाचा कालवा दुरुस्त करणे योजनेतर, म्हणजे अनुत्पादक ओझे. योजनेतर खर्च कमी करा, असे परिपत्रक काढणाऱ्या प्रत्येक वित्त सचिवाला आपण काटकसर करतो आहोत असेच वाटत असे. हा भेद २०१७–१८ च्या अंदाजपत्रकापासून गेला. तोवर साडेसहा दशके लोटली होती.

त्या दशकांत नांदेड जिल्ह्याने खूप बांधकाम पाहिले. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची धरणे १९६८ च्या सुमारास झाली, पुढे ऊर्ध्व पैनगंगेचे इसापूर झाले आणि त्याचे कालवे अर्धापूर, मुदखेड, भोकर परिसराकडे आले. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा उपसा प्रकल्प झाला. या सगळ्यामागे शंकरराव चव्हाणांची पाटबंधाऱ्यांवरची निष्ठा होती, आणि ती मोठी होती. पण धरणावर नाव राहते, चारीतल्या गाळावर राहत नाही. कोल्हापुरी बंधारे गोदावरीच्या उपनद्यांवर जागोजाग उभे राहिले. पावसाळा संपताना त्यांचे बरगे टाकायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे, एवढीच त्यांची मुख्य देखभाल. बरगे चोरीला गेले, रबर कुजले, माणूस नेमला गेला नाही, आणि कितीतरी बंधारे नुसते कमानींचे सांगाडे राहिले. १९७२–७३ च्या दुष्काळात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडायला आणि माती उपसायला उतरली होती. मराठवाड्यातले कित्येक ग्रामीण रस्ते त्या घामातून निघाले. पुढे रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तीही वेगळी थैलीच. तिच्यातून नवी कामे निघत राहिली. आधीच्या दुष्काळात झालेल्या रस्त्याचा मुरूम कोणी पुन्हा पसरायचा, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या दारात पडून राहिला.

इथे आपल्याला स्वतःलाही थोडे दूषण द्यावे लागेल. मराठवाड्याचे सारे राजकारण अनुशेषाभोवती फिरले, आणि ते न्याय्यच होते. १९७४ चे विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफांची मराठवाडा जनता विकास परिषद, १९८३ ची वि. म. दांडेकर समिती, १९९४ चे वैधानिक विकास मंडळ, २०१३ चा विजय केळकर समितीचा अहवाल, ही त्या लढ्याची ठळक ठाणी. पण अनुशेष मोजतात तो न झालेल्या कामाचा. किती किलोमीटर रस्ता कमी, किती हेक्टर सिंचन कमी. झालेला रस्ता किती किलोमीटर चालण्याजोगा उरला आणि कालव्याच्या शेपटापर्यंत पाणी किती हेक्टरवर पोचले, हे अनुशेषाच्या तक्त्यात कधी ठळकपणे आले नाही. आपल्या पुढाऱ्यांनी नवे मागितले आणि दिल्ली-मुंबईने, जमेल तेवढे, नवेच दिले. लग्नाला कर्ज काढणारे आणि छपराच्या कौलांसाठी हात आखडणारे घर जसे असते, तसे आपले झाले.

मीटरगेज हे त्याचे चांगले उदाहरण. मनमाडपासून मुदखेडपर्यंत ब्रॉडगेज व्हावे, ही मागणी मराठवाड्याने किती वर्षे केली! अखेर नव्वदच्या दशकात युनिगेज धोरणात ती मार्गी लागली आणि काम पुढच्या दशकात सरकत राहिले. म्हणजे मुदखेडच्या झिजलेल्या रुळांची खरी दुरुस्ती झाली ती नव्या बांधकामाच्या खात्यातून. हे मुदखेडच्या नशिबी आले ते गेजमुळे; जिथे आधीच ब्रॉडगेज होते तिथले जुने रूळ तसेच राहिले. देशभर अशा थकलेल्या मालमत्तेचा डोंगर झाला, तेव्हा २००१ मध्ये, नीतीश कुमार रेल्वेमंत्री असताना, १७,००० कोटींचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी आला. त्यातले ५,००० कोटी तिकिटावर अधिभार लावून आणि १२,००० कोटी सर्वसाधारण तिजोरीतून. कामे आधीच ठरलेली होती: अमुक किलोमीटर रूळ, अमुक पूल, अमुक सिग्नल. या सबंध कहाणीत ठरल्यासारखी वापरली गेलेली थैली दाखवायची तर ही दाखवता येईल, कारण तिला मुदत होती, यादी होती, आणि प्रवाशाच्या तिकिटावर तिचे नाव होते.

पण यश मिळाले की थैली पुन्हा सैल होते. २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीने पुन्हा बजावले आणि पाच वर्षांत एक लाख कोटी लागतील असे सांगितले. २०१७ मध्ये, रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक बंद करून १९२४ ची फारकत मोडली त्याच वर्षी, एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून त्यात दरवर्षी ५,००० कोटी घालायचे होते. महालेखापालांच्या डिसेंबर २०२२ च्या अहवालानुसार चार वर्षांत २०,००० कोटींऐवजी ४,२२५ कोटीच घातले गेले. शिवाय त्या कोषातून पाय चेपण्याची यंत्रे, चिनी मातीची भांडी, फर्निचर आणि थंडीची जॅकेटेही घेतली गेल्याचे उघड झाले. १९२४ च्या घसारा निधीत २०१४–१५ मध्ये सात हजार कोटींहून अधिक रक्कम टाकली गेली होती. २०१८–१९ मध्ये ती ३०० कोटींवर आली.

रस्त्यांकडे परत येऊ. बाराव्या वित्त आयोगाने २००६–१० साठी राज्यांना केवळ रस्ते-पुलांच्या देखभालीला १५,००० कोटी दिले, आणि राज्याने नेहमीचा खर्च कमी करायचा नाही अशी अट घातली. त्याच विजय केळकरांच्या अध्यक्षतेखालच्या तेराव्या आयोगाने ही रक्कम १९,९३० कोटी केली. चौदाव्या आयोगाने अशी बांधील अनुदाने बंद केली. राज्यांना मोकळा पैसा जास्त द्यावा आणि त्यांनीच ठरवावे, हा विचार तत्त्वतः योग्यच होता. राज्यांनी काय ठरवले ते आपण पाहतोच आहोत. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, महसुली तूट आटोक्यात ठेवायची म्हटले, आणि महसुली खर्चात वेतन, निवृत्तिवेतन, व्याज यांना हात लावता येत नसल्याने चाप बसला तो देखभालीला. रस्त्यावर फावडे-टोपले घेऊन फिरणारा मैलकुली याच सुमारास दिसेनासा झाला. खड्डा हातभर असताना बुजवणारा तो माणूस होता. आता खड्डा निविदेइतका मोठा होईपर्यंत वाट पाहावी लागते.

निविदा आली की राजकारण आलेच. दुरुस्तीची कामे छोटी, आणि छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ अशा प्रमाणात वाटण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळली. हेतू चांगला होता. पण रस्ता तुकड्यांत विभागला गेला आणि प्रत्येक तुकड्याला एकेक कार्यकर्ता जोडला गेला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० पासून यावर तोड काढली: ज्याने रस्ता केला त्यानेच पाच वर्षे तो सांभाळायचा, आणि त्या पाच वर्षांचा खर्च करारातच. सहाव्या वर्षी तो रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेच्या ३०५४ मध्ये येऊन पडतो. २०१७ मध्ये तत्कालीन बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी १५ डिसेंबरपर्यंत राज्य खड्डेमुक्त करण्याची घोषणा केली आणि सुप्रिया सुळे यांनी खड्ड्यांसोबत सेल्फी काढण्याची मोहीम चालवली. दोन्हींतून करमणूक बरी झाली.

पैसा नसतो असे मात्र म्हणता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा लोखंडी साकव इंद्रायणीत कोसळला, तेव्हा तो धोकादायक असल्याचे ठाऊक होते आणि शेजारी नवा पूल मंजूरही झालेला होता. नवे मंजूर झाले की जुन्यावर खर्च कशाला, या हिशेबात मधली वर्षे लोकांच्या जिवावर जातात.

मुदखेड ज्या भोकर विधानसभा मतदारसंघात येते, त्याचे तत्कालीन आमदार अशोक चव्हाण डिसेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुदखेडकरांच्या मताने निवडलेला माणूस राज्याच्या रस्त्यांचा कारभारी झाला, आणि त्या कारकिर्दीचे ठळक स्मारक म्हणून जालना–नांदेड द्रुतगती महामार्गाची घोषणा राहिली. यात त्यांना वेगळे काढून दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केले असते, कारण दिल्लीचे दारही त्याच बाजूला उघडते. २०२०–२१ पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देते. ते फक्त भांडवली कामांना मिळते, आणि त्याची तरतूद १२,००० कोटींपासून सुरू होऊन २०२४–२५ मध्ये दीड लाख कोटींवर गेली. नव्या पुलाला पन्नास वर्षे बिनव्याजी. जुन्या पुलाच्या कठड्याला मात्र राज्याच्या तुटीतून. कौटिल्याचे एका वर्षाचे अंतर आता पन्नास वर्षांचे झाले. रेल्वेचेही तसेच चालू आहे: परभणी–मुदखेड दुहेरीकरण झाले, आणि १६ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सात प्रकल्पांना सुमारे ३२,५०० कोटी मंजूर केले, त्यांत मुदखेड–मेडचल दुहेरीकरण आहे. १९०१ च्या वाटेला आता जोडरूळ येईल. त्याची गरज होतीच.

ज्या एका वाटेने दुरुस्तीला आज मोठा पैसा मिळू शकतो, ती आपत्तीची. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने रस्ते आणि पूल खरवडून नेले, तेव्हा राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि त्यात १०,००० कोटी पायाभूत सुविधांच्या नुकसानीसाठी ठेवले. आपत्ती निधीचे जुने निकष कंजूष होते. २०१५ च्या तक्त्यात ग्रामीण रस्त्याला किलोमीटरमागे ६०,००० रुपये आणि तेही तातडीच्या, तात्पुरत्या दुरुस्तीपुरते. पंधराव्या वित्त आयोगाने त्यात सुधारणा करून आपत्तीच्या एकूण निधीचे भाग पाडले आणि तीस टक्के पुनर्बांधणीसाठी राखले. गिरनारपासून सुरू झालेल्या या मालिकेतली ही सर्वांत ताजी थैली, आणि बऱ्यापैकी मोठी. तिची अट एवढीच की मोडतोड आपत्तीने झालेली असली पाहिजे. वयाने झिजलेल्या कालव्याला, साकवाला आणि रस्त्याला तिच्यातून काही मागता येत नाही.